टकलावरील औषधें : गुण आणि दोष

भर्तृहरीच्या नीतिशतकांत टक्कल पडलेल्या एका मनुष्याची गोष्ट आहे. उन्हानें त्याचें डोकें तापलें, म्हणून सावलीसाठीं तो एका झाडाखालीं गेला. तोंच वरून एक मोठें फळ सुटलें आणि नेमकें त्याच्या उघड्या माथ्यावर आदळलें. कवीनें ही गोष्ट दैवाची सत्ता दाखविण्यासाठीं सांगितली. परंतु टकलावर उपाय शोधणाऱ्यास तिच्यांतून दुसराहि एक बोध घेतां येईल. उन्हाचा त्रास चुकविण्यासाठीं जाऊन मस्तक फोडून घेणें याचें खापर प्रत्येक वेळीं दैवावर फोडतां येत नाहीं. झाड कशाचें आहे आणि फांदीला काय लोंबतें आहे, हें अगोदर पाहतां येतें.

टक्कल पडल्यानें कोणाच्या प्राणावर बेतत नाहीं, हें खरें. पण तेवढ्यावरून त्याचें दुःख हसण्यावारीं नेणें योग्य नव्हे. पंचविशीच्या आंतच ज्याचें कपाळ मागें हटूं लागतें अशा तरुणास, किंवा जिचा भांग दिवसेंदिवस रुंद होत जातो अशा स्त्रीस, आरशासमोर उभें राहणेंहि नकोसें होतें. अशा मनःस्थितींत मनुष्य कोणाच्याहि सांगण्यावर विश्वास ठेवतो. म्हणूनच या उपायांचें खरें स्वरूप घरोघर माहीत असणें अवश्य आहे.

प्रथम केसाचें आयुष्य पाहूं. मनुष्याच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षें, महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर या गतीनें वाढतो. पुढें दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, सुमारें तीन महिने तो नुसता मुळांत रुतून राहतो आणि शेवटीं गळून नव्या केसास जागा करून देतो. त्यामुळें रोज पन्नास ते शंभर केस फणीला येणें हें निरोगी डोक्याचेंच लक्षण आहे.

मात्र विषमज्वर किंवा डेंग्यूसारखा मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, अथवा उपाशी राहून एकाएकीं उतरविलेलें वजन, यांच्यामुळें पुष्कळ केस एकाच वेळीं विश्रांतीच्या अवस्थेंत जातात आणि दोन-तीन महिन्यांनीं मूठमूठ गळूं लागतात. घरांतील सर्व मंडळी घाबरतात. परंतु कारण दूर झाल्यावर हे केस सहा महिने ते वर्षाच्या अवधींत बहुधा आपोआप परत येतात. त्याच सुमारास कोणीतरी सुचविलेलें एखादें तेल घरांत आलेलें असतें. केस आणतो निसर्ग, आणि यश पदरांत पडतें तेलाच्या! तेलाच्या जाहिरातींतील पुष्कळशीं प्रशस्तिपत्रें अशाच प्रामाणिक गैरसमजांतून लिहिलीं जातात. यांखेरीज रक्तांत लोहाची उणीव, गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, आणि ज्यास लोक चाई म्हणतात तो गोल चकंदळ्यांचा विकार, हींहि केस जाण्याचीं निरनिराळीं कारणें आहेत. त्या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे.

कारण शोधण्याआधीं उपाय करूं नये, हें शिकविणारा प्रसंग महाराष्ट्रांतच घडला. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभीं बुलढाणा जिल्ह्याच्या शेगांव तालुक्यांत कांहीं गांवांतील लोकांचे केस तीन-चार दिवसांतच जाऊन टक्कल पडूं लागलें. प्रथम संशय पाण्यावर व केस धुण्याच्या द्रवांवर आला. पुढें डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासांत रोग्यांच्या रक्तांत व केसांत सेलेनियम या मूलद्रव्याचें प्रमाण फार वाढलेलें आढळलें, आणि त्यांनीं खाण्यांतील गव्हाकडे बोट दाखविलें. अशा रोग्यानें माथ्यावर किती तेल चोळलें असतें, तरी त्याचा काय उपयोग झाला असता?

आतां पुरुषांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या, कानशिलांपासून व टाळूपासून हळूहळू पसरणाऱ्या टकलाकडे वळूं. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९४२ सालीं असें दाखविलें कीं, वयांत येण्यापूर्वींच ज्यांचे वृषण निकामी झाले किंवा काढले गेले त्यांस असें टक्कल पडत नाहीं. परंतु त्यांना टेस्टोस्टेरोन हा पुरुषांतील अंतःस्राव दिला, तर ज्यांच्या घराण्यांत टक्कल आहे त्यांचें टक्कल सुरू होतें. म्हणजे त्यास घराण्याचा वारसा आणि अंतःस्राव अशीं दोन्ही कारणें लागतात. पुढें १९७४ सालीं डोमिनिकन रिपब्लिक या देशांतील कांहीं कुटुंबांची माहिती प्रसिद्ध झाली. टेस्टोस्टेरोनचें डायहायड्रोटेस्टोस्टेरोन या अधिक प्रभावी द्रव्यांत रूपांतर करणारा जो विकर शरीरांत असतो, तो या कुटुंबांतील कांहीं पुरुषांत जन्मतःच उणा होता. त्यांची प्रोस्टेट ग्रंथि लहान राहिली, दाढी विरळ आली, आणि त्यांस टक्कल पडलें नाहीं. ज्यांच्या मुळांत तसा वारसा आहे, त्यांचे केस हेंच द्रव्य पिढीगणिक बारीक व आंखूड करीत नेतें, हें यावरून स्पष्ट झालें.

या शोधांतून फिनास्टराइड ही गोळी निघाली. ती त्या विकराचें काम रोखते. प्रथम ती वृद्धांच्या वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठीं १९९२ सालीं, आणि नंतर एक मिलिग्रॅम इतक्या लहान मात्रेंत टकलासाठीं १९९७ सालीं अमेरिकेंत मान्य झाली. दुसरें मान्य औषध मिनॉक्सिडिल. त्याची गोळी १९७९ सालीं रक्तदाब उतरविण्यासाठीं निघाली. पण ती घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर व हातांवर लव वाढूं लागली. तेव्हां तेंच औषध द्रावाच्या रूपानें माथ्यावर लावून पाहण्यांत आलें, आणि १९८८ सालीं पुरुषांसाठीं व १९९१ सालीं स्त्रियांसाठीं त्यास मान्यता मिळाली.

येथें श्रोत्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मिनॉक्सिडिलचा केस वाढविण्याचा गुण हा मुळांत रक्तदाबाच्या औषधाचा दुष्परिणाम होता. गुण आणि दोष हीं औषधाचीं दोन स्वतंत्र अंगें नव्हेत. शरीरांत जें कार्य तें करतें, त्यास आपण सोयीप्रमाणें एकदां गुण म्हणतों आणि एकदां दोष. जें औषध कांहींच अपाय करीत नाहीं असें सांगितलें जातें, तें बहुधा कांहीं उपायहि करीत नाहीं.

मिनॉक्सिडिलचा द्राव केसाच्या वाढीचा काळ लांबवितो. लावूं लागल्यावर पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत जुने केस अधिकच गळतात. पुष्कळ लोक याच वेळीं घाबरून तो सोडून देतात. फळ दिसण्यास सुमारें चार महिने लागतात, आणि लावणें थांबविलें कीं मिळालेले केस तीन-चार महिन्यांत पुन्हां जातात. माथ्यास खाज व कोरडेपणा येणें ही नेहमींची तक्रार आहे. ती बहुधा द्रावांतील प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळें असते. स्त्रियांच्या चेहऱ्यावर लव वाढूं शकते. छातींत दुखणें, धडधडणें, चक्कर येणें किंवा पायांवर सूज येणें, यांपैकीं कांहीं झाल्यास औषध तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावें. कारण औषध रक्तांत उतरल्याचें तें चिन्ह असूं शकतें. हल्लीं कांहीं त्वचारोगतज्ज्ञ अल्प मात्रेची गोळीहि देतात. ती रक्तदाबाचीच गोळी आहे, हें हृदयविकार असणाऱ्यांनीं तर कधींहि विसरूं नये.

या द्रावाचा धोका तो लावणाऱ्यापुरताच नसतो. स्पेनमध्यें २०१९ सालीं तान्ह्या मुलांच्या पोटाच्या औषधाऐवजीं चुकून मिनॉक्सिडिल दिलें गेलें, आणि त्या बालकांच्या सर्वांगावर केस उगवले. परंतु मुलाच्या पोटांतच तें जावयास पाहिजे असें नाहीं. बापानें माथ्यास द्राव लावलेला आहे, आणि मूल त्याच्या डोक्याशीं व मानेशीं खेळतें आहे, एवढ्यानेंहि मुलाच्या अंगावर केस वाढल्याचीं उदाहरणें नोंदलीं गेलीं; म्हणून २०२४ सालीं युरोपीय औषधसंस्थेच्या सुरक्षा समितीनें तसा इशारा औषधाच्या माहितीपत्रकांत घालण्याची शिफारस केली. ज्या घरांत पाळणा आहे तेथें द्राव लावल्यावर हात स्वच्छ धुवावे, आणि ओल्या माथ्याशीं मुलास येऊं देऊं नये. मांजरांस तर हें औषध अगदीं थोड्या प्रमाणांतहि प्राणघातक ठरूं शकतें.

फिनास्टराइडचा गुण निश्चित आहे. दोन वर्षें चाललेल्या प्रयोगांत गोळी घेणाऱ्या १०० पुरुषांपैकीं सुमारें ८३ जणांच्या टाळूवरील केसांची संख्या घटली नाहीं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत असे २८ जण निघाले. परंतु जें द्रव्य ती घटविते तें पुरुषाच्या शरीरांत इतर कामेंहि करीत असतें. कामेच्छा मंदावणें, संभोगशक्ति कमी होणें व वीर्य घटणें या तक्रारी प्रयोगांत औषध घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांनीं केल्या, तर औषध नसलेल्या गोळीवर असणाऱ्या २.१ टक्क्यांनीं. या बाबतींत भीतीचाहि कांहीं वाटा असतो. इटलींत प्रोस्टेटच्या रोग्यांवर केलेल्या आणि २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, ज्यांना या दोषांची पूर्वकल्पना दिली होती त्यांपैकीं सुमारें ४४ टक्क्यांनीं, आणि ज्यांना दिली नव्हती त्यांपैकीं सुमारें १५ टक्क्यांनीं तशी तक्रार केली. पण सर्वच मनाचे खेळ आहेत असें म्हणणें अन्यायाचें होईल. गोळी थांबविल्यानंतरहि कांहीं जणांच्या तक्रारी राहिल्याची नोंद अमेरिकेंत २०१२ सालीं माहितीपत्रकांत करण्यांत आली.

याहून गंभीर गोष्ट मनाची आहे. कांहींचें चित्त या गोळीनें उदास होतें. आणि २०२५ सालीं युरोपीय औषधसंस्थेनें चौकशीअंतीं असा निर्णय दिला कीं, आत्मघाताचे विचार येणें हा फिनास्टराइडच्या गोळीचा एक दुष्परिणाम मानला पाहिजे. गुण दोषांपेक्षां अधिक आहेत, हें मतहि त्याच निर्णयांत कायम ठेवलें आहे. मात्र टकलासाठीं गोळी घेणारा तरुण बहुधा ती कोणास न सांगतां, लाजेनें, चोरून घेतो. उद्यां तो जेवणावरून उठूं लागला, बोलेनासा झाला, तर घरच्यांस कारणाचा पत्ता लागावा कसा? म्हणून हें औषध घेणाऱ्यानें निदान घरांतील एका वडीलधाऱ्या माणसास किंवा पत्नीस सांगून ठेवावें. आणि मन खचूं लागतांच गोळी थांबवून डॉक्टरांस गांठावें. गर्भवती स्त्रीनें तुटलेली किंवा कुटलेली गोळी हाताळूं नये, कारण पोटांतील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढींत तिच्यामुळें वैगुण्य येऊं शकतें. शिवाय प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीं जी पी.एस.ए. नांवाची रक्ततपासणी करतात, तिचा आंकडा या गोळीनें सुमारें निम्म्यावर येतो; डॉक्टरांस गोळीची माहिती नसेल तर रोग झांकला जाण्याचा संभव आहे.

कित्येकांस वाटतें कीं, औषधापेक्षां पौष्टिक जीवनसत्त्वें बरीं. तींहि सर्वस्वी निरुपद्रवी नाहींत. केसांसाठीं विकल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेनें हृदयाच्या इजेसाठीं करावयाच्या ट्रोपोनिन तपासणीचा आंकडा खोटाच कमी येऊं शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें २०१७ सालीं दिला. छातींत कळ आलेल्या मनुष्यास 'कांहीं नाहीं' म्हणून घरीं पाठविलें जाणें ही केवढी मोठी किंमत! त्याच देशांत २००८ सालीं एका पौष्टिक द्रवांत लेबलावरील प्रमाणाच्या सुमारें दोनशेंपट सेलेनियम पडलें. २०१ लोक आजारी झाले आणि त्यांपैकीं बहुतेकांचे केस गळाले.

तेलवाल्यांच्या वचनांविषयीं कायदाच पुरेसा बोलका आहे. जे विकार टाळण्याचा किंवा बरे करण्याचा दावा कोणत्याहि औषधास करतां येत नाहीं, त्यांची यादी भारताच्या १९४५ च्या औषधनियमांतील 'जे' परिशिष्टांत दिली आहे. तींत टक्कल आहे. नवे केस उगविणें हेंहि आहे. तेव्हां ज्या औषधाच्या बाटलीवर टक्कल भरून काढण्याची हमी छापली आहे, तिनें कायदा तर मोडलाच, शिवाय गिऱ्हाइकाच्या भोळेपणाचाहि फायदा घेतला.

मग करावें काय? आधीं कारण शोधावें. रक्त व थायरॉइड तपासून घ्यावें. औषध घ्यावयाचें ठरलें तर तें आयुष्यभराचें काम आहे हें समजून, तज्ज्ञाच्या सल्ल्यानें, घरीं सांगून आणि प्रत्येक डॉक्टरास त्याची माहिती देऊन घ्यावें. आणि कांहींच न घेतां टक्कल आहे तसें राहूं देणें, हाहि एक पूर्ण विचाराचा निर्णय आहे. त्यांत कमीपणा कसलाच नाहीं. उन्हांत उभें राहावें कीं सावलीस जावें, हें ज्यानें त्यानें ठरवावें. सावलीस जावयाचें असेल, तर झाडाखालीं बसण्यापूर्वीं एकदां मान वर करून पाहावें, इतकेंच.