पदवी हातात आहे, मग व्हिसा का अडतो?

रत्नागिरी जिल्ह्याला परदेशातली नोकरी नवी नाही. राजापूर, संगमेश्वर, खेड, दापोली या तालुक्यांतली कितीतरी घरं आखातातून येणाऱ्या पैशावर उभी राहिली. आता त्यात जर्मनीची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, १०,००० तरुणांचा आकडा जाहीर झाला आणि आयटीआयपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळ्यांच्या घरी त्याची चर्चा सुरू झाली. या चर्चेत एक समज ठामपणे बोलून दाखवला जातो. शिक्षण पुरं आहे, सर्टिफिकेटांवर शिक्के आहेत, म्हणजे कामाचा व्हिसा लागणारच. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी लोक कर्ज काढतात, दागिने गहाण टाकतात, म्हणून त्याची नीट उलटतपासणी व्हायला हवी. हा माणूस काय शिकला, एवढंच पदवी सांगते. व्हिसा देणाऱ्या देशाला मात्र त्याला कोणी बोलावलं, कोणत्या कामासाठी, किती पगारावर, आणि त्या कामाला तिथला वेगळा परवाना लागतो का, हेही कळावं लागतं. यातल्या कशाचंच उत्तर आपल्या गुणपत्रिकेत नसतं.

आधी शिक्क्यांचं पाहू. पदवीची मूळ प्रत उलटी करून बघा. राज्य सरकारचा साक्षांकनाचा शिक्का, त्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिलचं स्टिकर, किंवा संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशासाठी मंत्रालयाचं साक्षांकन आणि वकिलातीचा आणखी एक शिक्का. एवढे सोपस्कार झाले की पदवी ‘मान्य झाली’ असं वाटणं साहजिक आहे. पण अपोस्टिल फक्त एवढंच सांगतं की कागदावरची सही आणि मोहोर खरी आहे. तो अभ्यासक्रम त्या देशातल्या कुठल्या शिक्षणाच्या तोडीचा आहे, याबद्दल ते एक शब्दही बोलत नाही. ते ठरवणारी यंत्रणा प्रत्येक देशात निराळी असते. जर्मनीत ‘अनाबिन’ नावाची सरकारी नोंदसूची आहे. तिच्यात विद्यापीठही पाहतात आणि पदवीही. रत्नागिरी शहरातल्या कॉलेजात शिकलेल्या मुलाच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचं नाव असेल, तर शोधायचं ते विद्यापीठाचं नाव. कॉलेजचं नाव टाकून काही सापडलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

आयटीआयवाल्यांची गोष्ट याहून नाजूक आहे आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. जर्मनीने मार्च २०२४ पासून अशी सोय केली की आधी तिथे जाऊन काम सुरू करायचं आणि पात्रतेची मान्यता तिथे राहून मिळवायची. पण त्यासाठी मायदेशात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण, नोकरीचा करार आणि ए२ पातळीची जर्मन भाषा लागते. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, तर वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे. म्हणजे एकाच आयटीआयतून, एकाच वर्षी बाहेर पडलेल्या दोन मित्रांपैकी एकाला ही वाट खुली आणि दुसऱ्याला बंद. दोघांची सर्टिफिकेटं तितकीच खरी असतात. नर्सिंगचंही तसंच. आपल्याकडची नोंदणी असली तरी तिथे पूर्ण परिचारिका म्हणून उभं राहायला साधारण बी२ पातळीचं जर्मन आणि मान्यतेची परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण लागतं. रुग्णाला काय दुखतंय हे त्याच्या भाषेत समजलं पाहिजे, ही अट मला तरी अन्यायाची वाटत नाही.

मान्यता मिळाली तरी मालक हवाच. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी परवानाधारक कंपनीचं प्रायोजकत्व लागतं, आणि २२ जुलै २०२५ पासून पगाराची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड झाली. जर्मनीच्या ब्ल्यू कार्ड या कामाच्या परवान्यासाठी २०२५ मध्ये ही रेषा ४८,३०० युरोंवर होती, टंचाईच्या व्यवसायांना थोडी खाली. अमेरिकेच्या एच-१बी या कामाच्या व्हिसाची वर्षाची मर्यादा ८५,०००, आणि अर्ज त्याहून जास्त आले की निवड सोडतीने. शिवाय आपली तीन वर्षांची बीए, बीकॉम, बीएस्सी तिथल्या चार वर्षांच्या पदवीशी सहसा जुळत नाही. उरलेलं अंतर अनुभवाने भरावं लागतं, एका वर्षाच्या शिक्षणामागे तीन वर्षांचं काम या हिशोबाने.

यावर कोणी म्हणेल, आमच्या गावातले दहावी नापास लोक आखातात गेलेच ना? गेले, आणि त्यातूनच मुद्दा पक्का होतो. त्यांना नेलं ते हातातल्या कसबाने आणि मालकाने काढलेल्या व्हिसाने. आज सौदी अरेबिया इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर यांची कौशल्य चाचणी इथे भारतातच घेतो. दहावी पास झाल्यावर पासपोर्टवर ‘ईसीआर’ हा शेरा लागत नाही, त्यालाही कामाची परवानगी समजण्याची चूक होते. त्याचा अर्थ एवढाच की आपल्या सरकारची उत्प्रवासन मंजुरी घ्यावी लागत नाही, आणि परिचारिकांना तर काही देशांसाठी तीही घ्यावी लागते. दुसरा आक्षेप असा की तिकडेच शिकलं तर प्रश्न मिटतो. तो थोडा सैल होतो, मिटत नाही. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. तेवढ्यात शिक्षणाला साजेशी नोकरी मिळाली तरच पुढचा परवाना.

पण म्हणून पदवी बिनकामाची ठरत नाही. ब्ल्यू कार्ड आणि एच-१बी हे दोन्ही मुळात पदवीधरांसाठीच आहेत. फक्त क्रम उलटा धरायला हवा. आधी काम आणि देश ठरवायचा, मग त्या व्यवसायाची तिथली मान्यता तपासायची, मग भाषा, आणि शिक्क्यांवरचा खर्च सगळ्यात शेवटी. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून घे’ किंवा ‘आझाद व्हिसा आहे, कुणाकडेही काम कर’ असं सांगणाऱ्याकडे पासपोर्ट देऊ नका. एजंटाचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या तपासता येतो, आणि नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून घेता येणारी सेवाशुल्काची कमाल रक्कम ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे.