चार फुटांतलं ऊन

गेल्या नोव्हेंबरात आमच्या घरी आठ दिवस एका रिकाम्या पेटीत ऊन पडत होतं. सकाळी सातला उगवायचं, संध्याकाळी सातला मावळायचं. बाहेर रेडिंगमध्ये सव्वाचारलाच अंधार पडायचा, रस्त्यावर पाऊस भुरभुरत असायचा आणि आमच्या जेवणघराच्या कोपऱ्यात चार फूट लांबीचा लख्ख उन्हाळा पेटलेला असायचा. त्यात राहणारं अजून कोणी नव्हतं. लेक शाळेतून आला की दप्तर टाकायचा आणि वहीत आकडे लिहायचा : उन्हात ४७, मध्ये ३१, सावलीत २५.

त्याला बिअर्डेड ड्रॅगन हवा होता. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या रखरखीत मुलखातला हा सरडा पूर्ण वाढला की शेपटीसकट दीड-दोन फुटांचा होतो. गळ्याखाली काटेरी खवल्यांची पिशवी असते. चिडला की ती फुगते आणि काळी पडते, तीच त्याची दाढी. इंग्लंडमध्ये तो पाळायला परवाना लागत नाही. मात्र सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, आणि मुलाच्या प्राण्याची जबाबदारी कायद्याने आईबापांवरच येते. त्यामुळे पावती माझ्या नावाची. साताऱ्याहून आईने व्हिडिओ कॉलवर पहिलाच प्रश्न केला, “घोरपड नाही ना गं आणत? आत टाकतील तुला!” तिचं बरोबरच होतं. भारतात घोरपड पाळणं गुन्हा आहे. ही घोरपड नव्हे, हे तिला पटवायला फोटो दाखवावे लागले.

सुरुवात मी चुकीची केली. एका दुकानातून ‘नवशिक्यांसाठी सगळं काही’ असा संच उचलून आणला : दोन फुटी काचेची टाकी, वेटोळ्याचा छोटा दिवा, घड्याळासारखा काटा असलेला तापमापक आणि लाल वाळूची पिशवी. सगळं काही दोन फुटांत मावतं म्हटल्यावर मनात शंकेची पाल चुकचुकली होती, पण लेकाचा चेहरा बघून गप्प बसले. त्या संचातली पाण्याची वाटी तेवढी आज वापरात आहे.

घोळ कुठे होता? आपण ‘ऊन’ म्हणतो ती एक गोष्ट वाटते. अंगणात गेलं की ऊब, उजेड आणि डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण एकदमच अंगावर येतात, वेगळे मोजायची वेळच येत नाही. पेटीत मात्र या उन्हाचे तुकडे करावे लागतात. उबेला एक दिवा, किरणांना दुसरा. प्रत्येकाची वायर वेगळी, उंची वेगळी, आणि प्रत्येकाची चूक वेगळी.

आधी पेटी. १२० सेंटीमीटर लांब, ६० खोल, ६० उंच. लाकडी, समोर सरकत्या काचा. लाकूड ऊब धरून ठेवतं, आणि तीन बाजू बंद असल्या की सरड्यालाही आडोसा वाटतो. आतले सांधे मत्स्यपेटीला वापरतात त्या सिलिकॉनने बुजवले. ते सुकेपर्यंत दोन दिवस घरभर लोणच्याची बरणी फुटल्यासारखा व्हिनेगरचा वास होता.

मग उष्णता. डाव्या टोकाला ७५ वॉटचा हॅलोजन, त्याला तारेची जाळी, कारण सरडा तापलेल्या दिव्याला जाऊन चिकटेल आणि भाजून घेईल. त्याच्याखाली दोन विटांवर स्लेटची काळी फरशी. भिंतीवरचा काट्याचा तापमापक ३६ दाखवत होता, म्हणजे सगळं उत्तम. लेकाने शेजाऱ्यांकडून आणलेली इन्फ्रारेड बंदूक फरशीवर धरली, तर ५३! काटा भिंतीजवळची हवा मोजत होता, सरड्याचं पोट टेकणार होतं दगडावर. दगड हवा ४० च्या आसपास. एक वीट काढली, ४७ झाले. मग थर्मोस्टॅट खाली आणला. तापल्यावर दिवा फटकन बंद करणारा नव्हे, हळूहळू मंद करणारा थर्मोस्टॅट लागतो, नाहीतर दिवसभर ऊन-सावलीची उघडझाप चालते. पाचव्या दिवशी वहीत ४१ लागले.

खरं काम तिथेही संपत नाही. एका टोकाला ४१ असतील तर दुसऱ्या टोकाला २५ हवेतच. सरड्याला स्वतःची ऊब तयार करता येत नाही. तापायचं असेल तर उन्हात जायचं, निवायचं असेल तर सावलीत. अंग तापलं नाही तर खाल्लेलं पचतही नाही. सगळी पेटी सारखी गरम ठेवली तर त्याला जायला जागाच उरत नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण हसत म्हणतो. इथे कुंपण आपणच घालतो, तेव्हा त्या धावेत निदान वैशाखापासून पौषापर्यंतची मजल मारता आली पाहिजे. दोन फुटी टाकीत नुसता वैशाख होता.

शेवटी अतिनील किरण. त्यासाठी पेटीच्या निम्म्याहून अधिक लांबीची ट्यूब, मागे चकचकीत पत्रा, आणि खाली बसलेल्या सरड्याच्या पाठीपासून अंतर फूटभराहून थोडं जास्त. वेटोळ्याच्या दिव्याचे किरण एवढ्याशा जागेत पडतात, म्हणून तो बाद. हे किरण मिळाले नाहीत तर अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसलं की खाण्यातलं कॅल्शियम हाडांत जात नाही. मग जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात. मला हे समजायला चार दिवस लागले, आईला एक मिनिट. “म्हणजे कोवळं ऊन! तुला तेल लावून परसात सतरंजीवर टाकायचे ना मी. मग खिडकीत ठेव की त्याला.” खिडकी चालत नाही, काच हे किरण अडवते, असं सांगितलं. “तरीच तिकडे तुला गोळ्या खायला लावतात,” ती म्हणाली. खरंच, इथल्या हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्या, असा सरकारी सल्लाच आहे. माझी बाटली चहाच्या डब्याशेजारी असते.

ही ट्यूब वर्षभराने बदलायची. दिसायला ती तेव्हाही लख्खच असते, पण किरण आटलेले असतात. म्हणून तिच्या टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवली.

बाकीचं सोपं होतं. सावलीच्या टोकाला दडायला पोकळ लाकूड, चढायला जाड फांदी, वाळूऐवजी फरशा. नवख्याच्या हाती वाळू द्यायला नको, भक्ष्याबरोबर पोटात जाते. सोबतीला दुसरा आणायचा नाही. आपल्याला ती जोडी दिसते, त्यांना एकाच उन्हावरचं भांडण.

नवव्या दिवशी तो आला. दाढीमुळे नाव ठरलेलंच होतं : बुवा. गाडीतल्या गारठ्याने पार काळपट पडला होता. सरडा रंग बदलतो तो काही लबाडीने नाही. गडद अंग ऊन लवकर पितं. बुवा फरशीवर चढला आणि भाकरीसारखा चपटा झाला. आम्ही खोलीतले दिवे घालवून लांब बसलो. अर्ध्या तासात पाठ फिकट, पिवळसर झाली. मग त्याने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. लेक घाबरला, “आजारी आहे का?” नव्हता. पुरेसं तापल्यावर जादा उष्णता तो अशीच बाहेर टाकतो.

आणखी दहा मिनिटांनी बुवा उठला. फरशीवरून उतरला, फांदीखालून गेला आणि वहीतल्या ३१ च्या जागी येऊन बसला. लेकाने पेन काढलं, पण आकडा लिहिला नाही.