बारा व्होल्टचा रहाट

शेतीपंपाची मोटर जळालेली ज्याने पाहिली आहे, त्याला ही गोष्ट लवकर कळेल. ट्रान्सफॉर्मर लांब, तारा बारीक आणि आपलं शेत लाइनच्या शेवटाला. दिवा पिवळट लागतो, मोटर नुसती गुरगुरते. वीज असते, पण पुरती पोचत नाही. चाळीस फुटी शिडाच्या बोटीवर हेच दुखणं अवघ्या दहा मीटरांत उभं राहतं.

बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, नांगर ओढणारं यंत्र बसवलेलं असतं, ते म्हणजे विंडलास. आपला विहिरीवरचा रहाटच तो. पोहऱ्याच्या जागी नांगर, दोराच्या जागी साखळी आणि माणसाच्या दंडाच्या जागी मोटर. १० मिलिमीटर जाडीची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते. तीस मीटर साखळी आणि वीस किलोचा नांगर धरला, की नव्वद किलोच्या घरातलं लोखंड होतं, चिखल वेगळाच. हे एकदा हाताने ओढलेला माणूस विंडलासच्या किमतीवर हुज्जत घालत नाही. केबलच्या किमतीवर मात्र घालतो, आणि तिथेच फसतो.

घरातली १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आत भागवते. तेवढ्याच ताकदीच्या मोटरला बोटीच्या १२ व्होल्टवर ८३ अँपिअर लागतात. हिशोबाला १०० धरावेत, कारण नांगर खडकात अडकून मोटर थबकली तर करंट याच्या कितीतरी वर उडी घेतो. बॅटऱ्या इंजिनाजवळ, मोटर नाळेवर. मधलं अंतर दहा मीटर असलं, तरी हिशोब वीस मीटरचा करायचा, कारण करंटला परतही यायचं असतं. ही परतीची वाट विसरणारे बरेच.

एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध ०.०१७२ ओहम. यावरून १६ चौरस मिलिमीटरची केबल तपासू. चांगल्या उष्णतारोधक आवरणाची असेल तर ती १०० अँपिअर सुखाने वाहून नेते, जळत नाही. पण वीस मीटरांत तिच्यात २.१५ व्होल्ट खर्च होतात. म्हणजे बाराचे मोटरपाशी दहासुद्धा उरत नाहीत, आणि दोनशेहून जास्त वॅट बोटीचं लाकूडकाम गरम करण्यात जातात. केबल न जळणं आणि मोटरला पुरेसे व्होल्ट मिळणं हे दोन वेगळे हिशोब आहेत. वायरमन बहुधा पहिला करून थांबतो.

३५ चौरस मिलिमीटरला घट एक व्होल्टाच्या जरा खाली येते, म्हणजे आठ टक्के. ५० ला ०.६९ व्होल्ट, ७० ला अर्धा. विंडलाससाठी दहा टक्क्यांपर्यंतची घट सर्वसाधारणपणे चालवून घेतात. मी ५० घेईन. ७० चं नुसतं तांबंच साडेबारा किलो होतं, आणि ते वाकवताना मनगटं भरून येतात. नवी बोट बांधत असाल तर सरळ २४ व्होल्ट घ्यावेत. करंट निम्मा होतो आणि तितक्याच टक्के घटीला तांबं चौथाईवर येतं. नाळेतच वेगळी बॅटरी ठेवायची युक्ती कागदावर छान दिसते, पण लाटेवर सर्वांत जास्त आपटणाऱ्या जागी वजन वाढतं, शिवाय त्या बॅटरीला चार्ज करायला पुन्हा मागून वायर ओढावी लागतेच.

शेतीपंपाची उपमा इथे थोडी सोडावी लागते. पंपाची एसी मोटर व्होल्ट पडले की जास्त करंट खेचते. विंडलासची डीसी मोटर त्याच ओझ्याला करंट साधारण तेवढाच घेते, पण हळू फिरते, म्हणजे जास्त वेळ तापत राहते. मोटर चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइडच्या कॉइलचेही व्होल्ट पडले तर तो तडतडतो, आणि त्याचे संपर्क जळतात किंवा चिकटून बसतात. मग बटण सोडलं तरी रहाट फिरतच राहतो. नाळेवर पाय असलेल्या माणसासाठी ही गंमत नव्हे.

तांबं बारीक तारांचं आणि कथिलाचा मुलामा दिलेलं हवं. वेल्डिंगची केबल स्वस्त आणि लवचीक म्हणून मोह पडतो. पण तिला मुलामा नसतो, आणि दिव्याची वात तेल ओढते तसं तिच्या तारांमधून खारं पाणी आत चढतं. दोन वर्षांनी आवरण कापावं, तर आतून काळं तांबं निघतं.

केबलच्या टोकाला लग बसवताना हातोड्याने ठोकू नये. हायड्रॉलिक पकडीने षटकोनी दाब द्यावा. एक लग मुद्दाम वाया घालवून करवतीने आडवा कापून बघावा. दाब बरोबर असेल तर सुट्या तारा दिसतच नाहीत, एकसंध तांबं दिसतं. वरून आत गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी. नुसत्या डाखावर जोड सोपवू नये. डाख जिथे संपतो तिथे केबल ताठ होते आणि हादऱ्यांनी तारा तुटायला लागतात.

ब्रेकर बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. त्याच्या अलीकडची केबल निराधार असते, घासून शॉर्ट झाली तर तोडणारं कुणी नाही. सोलेनॉइडची पेटी साखळीच्या कप्प्यात नको, तिथे ओला चिखल येतो. दोन्ही केबली शेजारी-शेजारी न्याव्यात. एकटीच गेलेली १०० अँपिअरची केबल होकायंत्राला भुलवते. दर अर्ध्या मीटरच्या आत पट्टा, आणि बोटीच्या आतल्या आडभिंतीतून जाताना भोकाला रबर.

मग इंजिन चालू ठेवून एकाने नांगर वर घ्यायला बटण दाबावं, दुसऱ्याने मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं मोटरच्या प्लसवर धरावं. ५० ची केबल असेल तर ०.३५ व्होल्टाच्या थोडं वर दिसायला हवं. बरंच जास्त दिसलं, तर केबलला बोल लावण्याआधी एकेक लग आणि नट गरम लागतोय का, ते बघावं. मीटरचं टोक नाळेपर्यंत पोचवायला दहा मीटरची दोऱ्याएवढी बारीक वायर चालते, कारण तिच्यातून करंट जवळपास जातच नाही.