पंधराव्या वर्षी केसांना कलप



कलप ही पूर्वी पन्नाशीतल्या माणसाची गोष्ट होती. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी वधूपित्याने मिशा काळ्या कराव्यात आणि वऱ्हाडाने गालातल्या गालात हसावे, एवढाच त्याचा गावाशी संबंध. आता आठवडी बाजारात एक फेरी मारून पाहा. बांगड्या-टिकल्यांच्या शेजारी, चहा-भज्यांच्या किमतीत कलपाची पुडी लटकत असते, आणि ती विकत घेणारा हात पुष्कळदा नववी-दहावीतल्या पोराचा असतो. कुणाला क्रिकेटच्या खेळाडूसारखी कपाळावरची बट सोनेरी करायची असते, कुणाला नुकती फुटलेली मिसरूड काळीभोर दिसायला हवी असते, तर कुणाच्या डोक्यात खरोखरच अकाली पांढरे केस आलेले असतात. घरी वडील म्हणतात, "ही थेरं आपल्या घरात चालायची नाहीत." आई म्हणते, "अहो, हल्ली सगळीच करतात." आणि गुरुजी प्रार्थनेच्या रांगेतून त्याला बाहेर काढतात. हो म्हणणारा असो की नाही म्हणणारा, मुलाला कारण मात्र कोणीच सांगत नाही. आज आपण त्या कारणांकडे वळू.

मला या विषयाकडे लक्ष द्यावे लागले ते माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळे. नववीतली, अभ्यासात बरी, पण तिच्या भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरे केस दिसू लागले होते. वर्गातली मुले तिला 'आजी' म्हणत. मुलांचे बोलणे कसे असते ते शिक्षकांना सांगायला नको. तिने कुणाला न सांगता बाजारातून 'काळी मेंदी' म्हणून मिळणारी पुडी आणली आणि डोक्याला लावली. केस छान काळे झाले. दोन महिन्यांनी पुन्हा लावली, तेव्हाही काही झाले नाही. तिसऱ्या खेपेला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कानामागे खाज सुटली आणि संध्याकाळपर्यंत पापण्या अशा सुजल्या की डोळे उघडेनात. तिची आई म्हणत होती, "गुरुजी, हीच पुडी दोनदा लावली की हो तिनं, तेव्हा कुठं काय झालं?" या प्रश्नाचे उत्तर पुढे येईल. पण त्याआधी केस म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो, म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत असते ते कातडीखालचे मूळ. तिथे केस तयार होतो, तिथेच त्यात रंग भरला जातो, आणि मग तो महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने वर ढकलला जातो. नववीतल्या मुलीची वेणी साठ सेंटिमीटर असेल, तर तिचे टोक ती चौथीत असताना डोक्यातून बाहेर आलेले असते. केसाच्या बाहेरच्या बाजूला मंगलोरी कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात आणि आत केराटिन नावाच्या प्रथिनाचा गाभा. त्या गाभ्यात मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण विखुरलेले असतात. आपल्याकडच्या केसांत काळपट मेलॅनिन भरपूर, म्हणून ते काळे. मुळाशी हे रंगद्रव्य बनेनासे झाले की केस पांढरा उगवतो. एक पांढरा केस उपटला की दहा उगवतात, किंवा कलप लावल्याने उरलेले केसही पांढरे होतात, ही समजूत म्हणूनच खरी नाही. कलप लागतो तो मेलेल्या भागाला, आणि पांढरेपणा ठरतो मुळाशी. फरक दिसतो तो वेगळ्या कारणाने. महिन्याभरात सेंटिमीटरभर पांढरी मुळे काळ्याभोर केसांखालून डोकावू लागतात आणि आधीपेक्षा जास्त डोळ्यांत भरतात. एकदा लावलेला कलप मग सुटत नाही तो याच कारणाने.

आता कलपाचे काम. पक्का कलप रंगासारखा वरून फासला जात नाही. त्यातला अमोनिया किंवा तसलेच दुसरे क्षारधर्मी द्रव्य कौले उचलावीत तसे खवले उघडते. मग बिनरंगी, बारीक रेणू गाभ्यात शिरतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे तिथे एकमेकांशी जुळून मोठे, रंगीत रेणू बनतात. मोठे झाल्यामुळे त्यांना बाहेर पडता येत नाही, म्हणून धुतले तरी रंग जात नाही. दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग काढण्याची ही सगळी विद्या सुरू झाली १८५६ साली, लंडनच्या विल्यम पर्किनमुळे. तो हिवतापावरचे क्विनीन बनवायला गेला आणि हाती आला जांभळा रंग. तेव्हा तो स्वतः अठरा वर्षांचा होता! पुढे १९०७ साली शुलेर नावाच्या तरुण फ्रेंच रसायनतज्ज्ञाने केसांचा कृत्रिम रंग तयार केला, आणि त्यातून आजचा मोठा धंदा उभा राहिला.

काळ्या कलपातले मुख्य द्रव्य बहुधा पॅराफेनिलीन डायामाइन हे असते. नाव अवघड आहे, पण आद्याक्षरांनी 'पीपीडी' म्हणतात तेवढे लक्षात ठेवा. काही माणसांच्या अंगाला याचे वावडे असते, आणि हे वावडे जन्मापासूनचे नसते, ते घडते. पहिल्या-दुसऱ्या वेळी द्रव्य कातडीतून आत गेले की शरीर जणू त्याची नोंद करून ठेवते. बाहेरून काहीच दिसत नाही. नोंद पुरी झाली की पुढच्या खेपेस तेच शरीर त्याच्यावर तुटून पडते. खाज, पुरळ, सूज, पाणी सुटणे, हे सगळे लावल्यानंतर काही तासांनी किंवा दोन दिवसांनीही येते. म्हणून 'मागच्या वेळी काही झाले नाही' हा पुरावा नव्हे. त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

आणि ही नोंद सहसा पुसली जात नाही. एकदा वावडे जडले की बहुधा जन्मभराचे. पीपीडीशी नात्याची असलेली आणखी काही द्रव्येही मग सोसत नाहीत. कापडाचे काही रंग, कातडी बधिर करायची काही मलमे त्यांत येतात. पंधराव्या वर्षी सुरुवात केली तर पन्नाशीपर्यंत शेकडो वेळा अंगाशी संबंध येणार, आणि ज्या वयात खरी गरज वाटेल त्या वयात कदाचित कलपच वर्ज्य झालेला असणार. युरोपात पीपीडीच्या कलपावर 'सोळा वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही' असे छापावे लागते आणि डोक्यावर लागताना पीपीडीचे प्रमाण २ टक्क्यांपुढे चालत नाही. आपल्याकडच्या नियमांप्रमाणेही अशा कलपावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत सावधगिरीची सूचना हवी. आधी थोडा लावून चाचणी घ्या, आणि पापण्या व भुवयांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असते. पण पुडीवरची अक्षरे मुंगीएवढी, आणि ती वाचणार कोण? मिसरुडीला लावणाऱ्या पोरांनी निदान एवढे ध्यानात घ्यावे की ओठावरची कातडी फार नाजूक असते.

मेंदीविषयी घोटाळा फार आहे. खरी मेंदी म्हणजे पानांची हिरवट भुकटी. तिच्यातला लालसर रंग केराटिनला चिकटतो. तिने पांढरा केस नारिंगी-तांबूस होतो आणि काळ्या केसाला उन्हात तांबडी झाक येते. ती कधी काळा रंग देत नाही. बायका लोखंडी कढईत आवळ्याबरोबर भिजवतात तेव्हा मिश्रण काळसर दिसते ते आवळ्याचा तुरटपणा आणि लोखंड यांच्यामुळे. जुन्या काळची हिरडा आणि हिराकसाची शाई याच न्यायाने बनत असे, हा प्रयोग शिक्षकांनी वर्गात जरूर करावा. मात्र बाजारात 'काळी मेंदी' म्हणून जे मिळते आणि अर्ध्या तासात केस कुळकुळीत करते, त्यात बहुधा पीपीडी घातलेले असते. नाव मेंदीचे, काम कलपाचे. जत्रेत हातावर काढून मिळणाऱ्या काळ्या नक्षीचेही तेच. तिनेही वावडे जडू शकते.

सोनेरी बटेची गोष्ट निराळी. काळ्या केसावर सोनेरी रंग बसत नाही, तर आधीचा काळा काढावा लागतो. पेरॉक्साइडने मेलॅनिन जाळले की केस प्रथम तांबूस, मग नारिंगी आणि मग पिवळा होतो. पण त्या खटाटोपात खवलेही विस्कटतात. केस खरखरीत होतो, तुटतो, विहिरीच्या खाऱ्या पाण्याने आणखी राठ होतो. तीन महिन्यांत तीन सेंटिमीटर काळी मुळे दिसू लागतात आणि पैसे पुन्हा मोजावे लागतात. यात जिवाला धोका थोडा, खिशाला जास्त. मला गंमत याची वाटते, की खेड्यातल्या शिक्षकाला भुरकट-तांबूस केसांचे पोर दिसले की त्याच्या मनात पहिली शंका यायची ती याच्या पोटात पुरेसे जात नसावे ही. प्रथिनांच्या कमतरतेने केसांचा रंग खरोखरच उतरतो. तोच रंग आता लोक पैसे देऊन घेतात!

कर्करोगाची भीतीही पुष्कळांना असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, स्वतःच्या केसांना कलप लावणाऱ्यांबाबत निश्चित निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही असे म्हटले. वर्षानुवर्षे दुसऱ्यांना कलप लावणाऱ्या केशकर्तनकारांच्या व्यवसायाला मात्र 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात टाकले. आपल्या गावचा नाभिक उघड्या हाताने कलप कालवत असेल, तर त्याला हातमोजे घालायला सांगा.

मग मुलाने ठरवायचे कसे? केस पांढरे होत असतील तर कलपाआधी डॉक्टर. आपल्याकडे पंचविशीच्या आत केस पांढरे होऊ लागले तर ते अकाली समजतात. पुष्कळदा ते घराण्यातूनच आलेले असते, पण कधी बी-१२ जीवनसत्त्व किंवा लोह कमी असते, कधी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा दोष असतो. निव्वळ हौस असेल तर सोळा पुरी होईपर्यंत थांबायला सांगावे, आणि का थांबायचे तेही सांगावे. तोवर खरी मेंदी आहे, एका धुण्यात जाणारे रंग आहेत. कातडीला न लागणारी, केसाच्या टोकाकडची एखादी बट रंगवून हौस भागवता येते. शाळेचा नियम आडवा येत असेल तर उन्हाळ्याची सुट्टी आहेच. पुढे कधी पक्का कलप लावायचाच झाला, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून चोवीस तास ठेवावा आणि आणखी एक दिवस वाट पाहावी. हे दर खेपेला करावे. उवांमुळे डोके खाजवून ओरखडे पडले असतील तर लावू नये. घड्याळ पाहून धुवावा. सूज आली तर भरपूर पाण्याने धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, आणि दम लागत असेल तर मिनिटभरही थांबू नये. पुडी पाण्याच्या तांब्याजवळ किंवा लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. पीपीडी पोटात गेले तर घसा सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडे निकामी होतात, जीव जातो.

ती मुलगी ग्रामीण रुग्णालयात चार दिवस होती. सूज उतरल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे रक्त तपासायला पाठवले, तर बी-१२ फार कमी निघाले. तिने इंजेक्शने घेतली. थकवा गेला, ती धावू-खेळू लागली. पांढरे केस मात्र बहुतेक तसेच राहिले. 'आजी' म्हणणाऱ्या मुलांशी मी एक तास घालवला, केसाचे चित्र फळ्यावर काढून. त्याने ते पूर्ण थांबले असे मी म्हणणार नाही. डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर लाल शाईने 'पीपीडी वर्ज्य' असे लिहून दिले होते. तिच्या वडिलांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवला. पाच-सहा वर्षांनी तिच्या लग्नात मेंदी काढणारी बाई आली, तेव्हा तिने आधी तो कागद आणून दाखवला, आणि बाईने पिशवीतले तयार कोन बाजूला ठेवून घरची पाने वाटायला घेतली.