गुंतवणुकीतील नावे किती आणि विभागणी किती?

गुंतवणूक अनेक ठिकाणी विभागावी, हा सल्ला सर्वपरिचित आहे. तथापि विभागणी प्रत्यक्षात किती झाली, हे क्वचितच मोजले जाते. यादीत दहा नावे असली म्हणजे जोखीमही दहा ठिकाणी वाटली गेली, असा समज असतो.

हा समज तपासण्यासाठी हर्फिन्डाल-हर्शमन निर्देशांक उपयोगी पडतो. अल्बर्ट हर्शमन यांनी १९४५ मध्ये परराष्ट्र व्यापाराच्या, तर ऑरिस हर्फिन्डाल यांनी १९५० मध्ये पोलाद उद्योगाच्या अभ्यासात या धर्तीचे मापन वापरले. प्रत्येक गुंतवणुकीचा एकूण रकमेतील हिस्सा दशांशात मांडून त्याचा वर्ग करावा व सर्व वर्गांची बेरीज घ्यावी. १ ला या बेरजेने भागले असता विभागणीची खरी संख्या मिळते.

समजा, १० लाख रुपयांपैकी ५ लाख ५० हजार एका कंपनीच्या समभागांत आणि उर्वरित रक्कम नऊ कंपन्यांत प्रत्येकी ५० हजार अशी आहे. ०.५५ चा वर्ग ०.३०२५, ०.०५ चा वर्ग ०.००२५ व त्याची नऊपट ०.०२२५. बेरीज ०.३२५, म्हणजे खरी संख्या सुमारे ३. समान वाटणी केल्यास हीच संख्या १० येते.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. सत्यम कॉम्प्युटर्सच्या हिशेबांतील गैरव्यवहार ७ जानेवारी २००९ रोजी उघड झाला आणि एकाच दिवसात समभागाची किंमत तीन-चतुर्थांशाहून अधिक घसरली. अशा समभागात ५५ टक्के हिस्सा असणाऱ्याची ४१ टक्क्यांहून अधिक पुंजी बुडते; १० टक्के असणाऱ्याची सुमारे ८ टक्के.

मात्र हा निर्देशांक गुंतवणुकींचे परस्परसंबंध जाणत नाही. दहा पिके पेरूनही सर्व एकाच पावसावर अवलंबून असतील, तर अवर्षणात दहाही जातात. एकाच उद्योगातील दहा समभागांचे तसेच आहे. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये नेमक्या याच परस्परसंबंधांकडे लक्ष वेधले.

ठेवींनाही हा विचार लागू पडतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा व्याजासह ५ लाख रुपये झाली. ती प्रत्येक बँकेतील प्रत्येक ठेवीदारास लागू असून एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील त्याच्या ठेवी एकत्र धरल्या जातात.

बाजारभाव बदलताच हिस्सेही बदलतात. म्हणून वर्षातून एकदा तरी ही बेरीज नव्याने मांडणे हितावह ठरते.