पाकिटातले विरजण

विरजण जुने निघाले की दही नीट लागत नाही, हे आपल्याकडील कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. अमेरिकेत घरच्या घरी बियर करणाऱ्या हौशी मंडळींपुढे नेमका हाच प्रश्न असतो. त्यांचे विरजण यीस्ट नावाच्या एकपेशीय कवकाचे असते, आणि ते शेजारणीच्या वाटीतून न येता टपालाने पाकिटातून येते, एवढाच काय तो फरक. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून घरी बियर करणे हा गुन्हा आहे. तेव्हा आम्ही हा विषय मांडतो आहोत तो त्यातील जीवशास्त्रासाठी, हे आधीच सांगितलेले बरे!

अमेरिकेतही ही मोकळीक फार जुनी नाही. १९३३ साली तेथील दारूबंदी उठली, तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली. बियर राहून गेली. तिला मुभा देणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरात सही केली. पुढे १९८६ मध्ये ओरेगन राज्यात वायीस्ट ही कंपनी निघाली आणि तिने द्रवरूप यीस्टचे पाकीट हौशी माणसाच्या हाती दिले. त्या आधी शंभरेक वर्षे, १८८३ साली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखविले होते. ही पाकिटे म्हणजे त्याच विद्येचे किरकोळ दुकान होय.

या पाकिटाच्या पोटात पोषक द्रवाची दुसरी लहान पिशवी असते. वरून तळहाताने जोराची चापट मारली की ती आत फुटते, यीस्टला खाद्य मिळते, कर्बवायू सुटतो आणि काही तासांत पाकीट टम्म फुगते. पुष्कळांची समजूत अशी की, पाकीट फुगले म्हणजे यीस्ट भरपूर वाढले. तसे मुळीच नाही. फुगवटा सांगतो तो इतकेच की आतले जीव जिवंत आहेत. ते किती आहेत, हे तो सांगत नाही. आणि सारा घोटाळा होतो तो संख्येतच.

ताज्या पाकिटात सुमारे १०० अब्ज पेशी असतात. वीस लिटर मध्यम ताकदीच्या वर्टला, म्हणजे माल्टच्या गोड काढ्याला, प्रचलित हिशेबाने एल जातीच्या बियरसाठी १८० अब्ज लागतात. थंडीत आंबणाऱ्या लागरला त्याच्या दुप्पट. एक पाकीट पुरते असे विकणारे म्हणतात, आणि पुष्कळदा बियर होतेही. पण आमचा कौल हिशेबाच्या बाजूला आहे. शिवाय शीतकपाटातही दर महिन्याला साधारण पंचमांश पेशी मरतात असे धरले जाते. दोन महिन्यांच्या पाकिटात मग चौसष्ट अब्जच उरल्या! वाटेत उन्हाने तापलेल्या पाकिटाची तर गोष्टच सोडा. यीस्ट कमी पडले की आंबणे उशिरा सुरू होते, तेवढ्या अवधीत परके जिवाणू हातपाय पसरतात, आणि दिवसभराच्या खटपटीचे वीस लिटर मोरीत ओतावे लागण्याची पाळी येते.

यावर उपाय म्हणजे आधी लहानसे विरजण तयार करणे. लिटरभर पाण्याला शंभर ग्रॅम सुका माल्ट-अर्क घालून ते पंधरा मिनिटे उकळतात, खोलीच्या उष्णतेला आणतात आणि मग त्यात पाकीट ओततात. झाकण सैल ठेवावयाचे, कारण वायूला वाट हवी. मधूनमधून भांडे हलवावयाचे, कारण पेशीचे आवरण बांधण्यास यीस्टला प्राणवायू लागतो. एकदोन दिवसांत पेशी पुष्कळ वाढतात. पाकीट जुने असेल तर लिटरऐवजी दीड-दोन लिटर काढा घेतात.

कोरडे यीस्ट स्वस्त आणि टिकाऊ असताना हा उपद्व्याप कशाला, असे कोणी विचारील. कारण वाणांची निवड. सुकविणे सोसणारे वाण थोडे. द्रवरूपात मात्र बव्हेरियाच्या गव्हाच्या बियरला केळ्याचा व लवंगेचा वास देणारे, बेल्जियमचे, इंग्लंडचे असे कितीतरी मिळतात. आणि काटकसरी माणूस तेथेही आहेच: बियर काढून घेतल्यावर तळाशी बसलेला यीस्टचा साका तो स्वच्छ बरणीत भरून थंडीत ठेवतो आणि पुढच्या खेपेला वापरतो. अशा काही पिढ्या गेल्या, चव बदलू लागली, की पुन्हा नवे पाकीट आणतो.