पट्टा मागे का जात नाही?

मुलांनो, मोटारीत बसल्यावर तुम्ही आसनाचा पट्टा ओढता आणि कमरेजवळच्या खाचेत अडकवता. उतरताना बटण दाबले की पट्टा सरसर मागे जातो. पण जरा जुन्या मोटारीत बसून पाहा. तेथे पुष्कळदा पट्टा मागे जातच नाही. तो मांडीवर ढिला पडून राहतो, दरवाजात सापडतो, कधी बाहेर लोंबकळत रस्त्याची धूळ पुसत जातो. मग घरातली मोठी माणसे म्हणतात, "राहू द्या, हा बिघडला आहे." आणि सगळे तसेच बसतात.

हा ढिलेपणा किती महाग पडतो ते पाहू. मेहरूणहून लग्नाला धुळ्याला निघालात, की थोड्याच वेळात सुरत-नागपूर महामार्ग लागतो. तेथे ताशी ६० किलोमीटर हा वेग काही फार मानला जात नाही. या वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. ती कशावर आदळली तर मोटार थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा धक्का सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडण्याएवढा असतो. पट्टा छातीला लागून असेल तर तो माणसाला लगेच धरतो. पट्टा ढिला असेल तर माणूस आधी पुढे फेकला जातो आणि मग पट्ट्यावर आदळतो. तोवर त्याचे डोके कदाचित समोरच्या काचेपर्यंत पोहोचलेले असते.

छातीवरून आणि कमरेवरून जाणारा हा पट्टा १९५९ साली स्वीडनमधील व्होल्वो कंपनीच्या मोटारींत आला. तो निल्स बोहलिन या अभियंत्याने तयार केला होता. आधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांचे काम करीत असे. कंपनीने हा शोध आपल्यापुरता ठेवला नाही. इतर कारखान्यांनाही तो वापरू दिला.

आता पट्ट्याचे पोट उघडून पाहू, अर्थात मनातल्या मनात! दरवाजामागच्या खांबात खालच्या बाजूला एक डबी असते. डबीत रीळ असते आणि पट्टा त्या रिळावर गुंडाळलेला असतो. रिळाच्या एका बाजूला गुंडाळलेली पोलादी पट्टी असते. चावीच्या घड्याळात असते तशीच ही कमान. मराठीत तिला कमान म्हणतात, तुमच्या उर्दूत कमानी; शब्द एकाच घरचे आहेत. पट्टा ओढला की कमान आवळते आणि सोडला की ती रीळ उलटे फिरवते. रिळाच्या दुसऱ्या बाजूला कुलूप असते. मोटारीला जोराचा धक्का बसला की आतली छोटी गोळी किंवा लंबक जागचा हलतो, एक दाता अडकतो आणि रीळ थांबते. बहुतेक मोटारींत पट्टा झटक्याने ओढला तरी रीळ अडकते. मोटार फार उतारावर उभी असली तरी कधीकधी पट्टा अडकून बसतो. तो बिघाड नव्हे. मोटार सपाट जागेवर आणली की पट्टा सुटतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ही कमान मुद्दामच हलकी ठेवलेली असते. ती जोरदार असती तर प्रवासभर छाती आवळली गेली असती. म्हणून थोडी घाणसुद्धा तिला भारी पडते. आपल्या खानदेशात उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ उडते. त्यात मानेचा घाम आणि केसांचे तेल मिसळते. केळीच्या बागेतून आलेल्या माणसाच्या कपड्यांवरचा चीकही पट्ट्याला लागतो. पट्टा चिकट आणि कडक होतो. खांद्याजवळच्या कडीवर या मळाचा थर बसतो आणि पट्टा तेथेच अडतो. बिचाऱ्या कमानीला आपण उगाच दोष देतो.

तेव्हा दुरुस्तीची सुरुवात साबणाने करावी. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या. पट्टा हळूहळू ओढून पूर्ण बाहेर काढा. तो परत आत जाऊ नये म्हणून कडीच्या खाली त्याला कपडे वाळत घालायचा मजबूत चिमटा लावा. पट्ट्याला पीळ पडला असेल तर आधी तो सोडवा. पुष्कळदा सारा दोष पिळाचाच असतो. मग कोमट पाण्यात अंगाचा साबण कालवून मऊ ब्रशने पट्टा लांबीच्या दिशेने घासा. डाग उडवण्याचे रसायन किंवा पेट्रोल वापरू नका, त्याने धागे कमजोर होतात. साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने साबण पुसून काढा, पण डबीत पाणी जाऊ देऊ नका. कडी आतून-बाहेरून फडक्याने स्वच्छ करा. कडीला किंवा डबीला तेल मात्र लावू नका. तेलावर धूळ पुन्हा बसते, आणि पहिल्यापेक्षा जास्त. चिमटा तसाच ठेवून पट्टा रात्रभर सावलीत वाळू द्या. ओला पट्टा आत गेला तर त्याला बुरशी येते.

वाळल्यावर हाताने आधार देत पट्टा चार-पाच वेळा आत-बाहेर करा. मोटार सपाट जागी उभी करून पट्टा हळू ओढा. तो यायला हवा. मग झटका द्या. तो अडकायला हवा.

एवढे करूनही पट्टा आत जात नसेल, तर कमान थकली आहे किंवा तुटली आहे असे समजावे. मात्र डबी कोणीही घरी उघडू नये. आवळलेली कमान एकदम उसळते आणि हात कापते. नव्या मोटारींत तर अपघाताच्या क्षणी पट्टा खेचून घेण्यासाठी डबीजवळ दारूगोळ्यासारखा छोटा स्फोटक भाग बसवलेला असतो. अशा वेळी कारखान्यात जाऊन पट्टा आणि डबी दोन्ही नवी घ्यावीत. भंगारातला पट्टा स्वस्त मिळतो, पण तो एखाद्या अपघातात ताणलेला असू शकतो, आणि ताणलेले धागे वरून दिसत नाहीत. पट्ट्याची कड उसवली असेल किंवा तो कोठे कापला गेला असेल, तर धुण्यात वेळ घालवू नये, तो बदलावाच.

२०१९ च्या कायद्याप्रमाणे १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याशिवाय किंवा मुलांसाठीच्या खास आसनाशिवाय मोटारीतून नेल्यास १,००० रुपये दंड आहे. म्हणून घरची मोटार पुसाल त्या दिवशी पुढच्या पट्ट्यांबरोबर मागचे पट्टेही ओढून पाहा. आसनाच्या फटीत दडपलेले ते पट्टे कित्येक वर्षांत कोणी बाहेर काढलेले नसतात.